दुहेरी बिंबिकारोधक उपचार आणि रक्तस्राव : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसविलेल्या रुग्णास अ‍ॅस्पिरिनच्या जोडीने क्लोपिडोग्रेलसारखे दुसरे औषध देणे ही जगभर रूढ झालेली पद्धत आहे. ही औषधे रक्तबिंबिकांना, म्हणजेच प्लेटलेटना, एकमेकींस चिकटू देत नाहीत. त्यामुळे रोहिणीत गुठळी होण्याचा धोका कमी होतो. मात्र जखम झाल्यास रक्त थांबण्याची क्रियाही मंदावते. या उपचाराचा इतिहास बहुधा गुठळीवरील विजयाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो रक्तस्रावाच्या बाजूने तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१) रक्तस्राव – एक संकेत :
१८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध स्वरूपात तयार केलेले अ‍ॅस्पिरिन अर्धशतकभर केवळ वेदना व ज्वर यांवरील औषध म्हणून ओळखले जात होते. कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेल येथील डॉ. लॉरेन्स क्रेव्हन यांच्या असे लक्षात आले की, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅस्पिरिनयुक्त गम अधिक प्रमाणात चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो. जे औषध रक्त वाहू देते ते हृदयातील गुठळीही रोखू शकेल, असा तर्क त्यांनी केला व १९५० पासून आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९५६ च्या लेखात त्यांनी सुमारे ८,००० पुरुषांचा अनुभव मांडला. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. या कार्यामागील शास्त्रीय कारण १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी उलगडले. १९८८ च्या 'आयसिस–२' या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटल्याचे सिद्ध झाले.

२) दोन औषधांची जोडी :
१९८६ साली फ्रान्समधील तुलूझ येथे मानवी हृदयाच्या रोहिणीत पहिला स्टेंट बसविण्यात आला. धातूच्या या जाळीवर गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनसोबत हेपॅरिन व वॉरफरिनसारखी रक्त गोठण्यास विरोध करणारी औषधे दिली जात. त्यामुळे होणारा रक्तस्राव हा स्टेंटच्या प्रसारातील मोठा अडथळा ठरला. १९९६ मध्ये म्युनिक येथील 'इसार' चाचणीत ५१७ रुग्णांची तुलना करण्यात आली. अ‍ॅस्पिरिन व टिक्लोपिडिन घेणाऱ्या गटात हृदयविषयक दुर्घटनांचे प्रमाण १.६ टक्के, तर जुन्या पद्धतीच्या गटात ६.२ टक्के आढळले. जुन्या पद्धतीच्या गटात ६.५ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. नव्या गटात एकालाही झाला नाही. म्हणजे आज रक्तस्रावासाठी ओळखली जाणारी ही जोडी रक्तस्राव टाळणारा पर्याय म्हणून पुढे आली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

३) लाभाची किंमत :
टिक्लोपिडिनमुळे पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असल्याने त्याची जागा क्लोपिडोग्रेलने घेतली. अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल रक्तबिंबिकांना दोन वेगळ्या मार्गांनी रोखतात. साहजिकच त्यांच्या परिणामांची बेरीज होते. शिवाय अ‍ॅस्पिरिन जठराच्या अस्तराचे संरक्षणही कमी करते. २००१ च्या 'क्युअर' चाचणीत (१२,५६२ रुग्ण) केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत दुर्घटनांचे प्रमाण ११.४ टक्के होते, ते जोडीने ९.३ टक्क्यांवर आले. परंतु मोठा रक्तस्राव २.७ वरून ३.७ टक्क्यांवर गेला. दर हजार रुग्णांमागे सुमारे २१ दुर्घटना टळल्या आणि १० जणांना मोठा रक्तस्राव अधिक झाला.

प्रत्येक ठिकाणी हा हिशेब लाभाचा ठरला नाही. पक्षाघात किंवा त्याची पूर्वसूचना देणारा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील 'मॅच' चाचणीत (२००४) क्लोपिडोग्रेलला अ‍ॅस्पिरिनची जोड दिल्याने लक्षणीय लाभ झाला नाही. जीवघेणा रक्तस्राव मात्र १.३ वरून २.६ टक्के, म्हणजे दुप्पट झाला.

४) कालावधीचा प्रश्न :
औषध लवकर थांबविल्यास औषधलेपित स्टेंटमध्ये अचानक गुठळी होते, हे दिसून आल्यावर २००७ साली अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी जोडी १२ महिने चालू ठेवण्याचा सल्ला दिला. पुढे स्टेंट सुधारले आणि रक्तस्रावाचे गांभीर्यही अधिक काटेकोरपणे मोजले जाऊ लागले. चीनमधील 'चान्स' चाचणीने (२०१३) सौम्य पक्षाघातानंतर केवळ पहिले २१ दिवस जोडी दिली असता पुढील पक्षाघात कमी होतात व रक्तस्राव वाढत नाही, असे दाखविले. २०१९ च्या 'ट्वायलाइट' चाचणीत तीन महिन्यांनंतर अ‍ॅस्पिरिन वगळून केवळ टिकाग्रेलॉर चालू ठेवले असता रक्तस्राव ७.१ वरून ४ टक्क्यांवर आला. मृत्यू, हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण मात्र दोन्ही गटांत ३.९ टक्केच राहिले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, रक्तस्राव हा या इतिहासातील दुय्यम तपशील नाही. त्यानेच अ‍ॅस्पिरिनचा गुण प्रथम दाखविला, औषधांची जोडी सुचविली आणि अखेरीस तिची मर्यादाही ठरविली. 'औषध कोणते' या प्रश्नाइतकाच 'कोणाला व किती काळ' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हा या सात दशकांचा निष्कर्ष होय. भारतात ही दोन्ही औषधे एकाच गोळीतही मिळतात. त्यामुळे आपण दोन औषधे घेत आहोत याची रुग्णास कल्पना नसण्याची शक्यता असते. त्यात सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळीची भर पडल्यास धोका वाढतो. याउलट, दात काढण्यापूर्वी स्वतःच्या मनाने गोळी बंद करणेही स्टेंट असलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. दोन्ही निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावयास हवेत.