देव कोण, वीर कोण?

बोईसरहून कुठल्याही पाड्याकडे निघा, वाटेत झाडाखाली शेंदूर फासलेला दगड दिसतोच. आपण हात जोडतो आणि पुढे जातो. पण तो देव की कुणी माणूस, हे कधी विचारलंय का?

ओळखायची खूण दगडावरच असते. वीरगळात चित्रं खालून वर वाचायची. तळाशी लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती. आपल्याच लोकलच्या मार्गावर, बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. थोडक्यात, वीर मरतो आणि देवापुढे हात जोडतो.

आता वारली बांधवांचा वाघोबा पाहा. फळीवर किंवा दगडावर वाघ आणि चंद्र-सूर्य असतात, पण मरणाचा प्रसंग नाही, कुणापुढे हात जोडणंही नाही. हा देव.

गोंधळ होतो तो माणसांच्या विसरण्यामुळे. वीराचं नाव विसरलं, शेंदराखाली कोरीवकाम बुजलं, की वीराचाच देव होतो. आयर्लंडात उलटं झालं. तिथल्या जुन्या कथा ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी लिहून काढल्या, तेव्हा लूगसारखे जुने देव राजे आणि योद्धे म्हणून कागदावर आले. इथे वीर देव झाले, तिथे देव वीर झाले.

ज्यांची नोंद राहिली, ते मात्र माणूसच राहिले. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तारापूरचा किल्ला घेताना बाजी भीवराव रेठरेकर पडले. त्यांचं नाव इतिहासात आहे, म्हणून ते वीर. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या मोर्च्यावर गोळीबार झाला. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तेवारी, रामचंद्र चुरी आणि सुकुर मोरे हुतात्मा झाले. त्यांना देव करायची गरज नाही. नावं पाठ असली तरी पुरे.

आपल्या सोसायटीत सगळे वेगवेगळ्या गावांहून आलेले. पंचवीस वर्षांत हेच आपलं गाव झालं. मग इथले देव आणि इथले वीर, दोन्ही ओळखीचे हवेत. पुढच्या वेळी असा दगड दिसला तर हात जरूर जोडा. मात्र शेंदराचा आणखी एक थर देण्याआधी, खाली काय कोरलंय तेवढं मुलांना दाखवा.