इंधन : एक शब्द, दोन इतिहास

इंग्रजींतील ‘फ्यूएल’ हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचें मूळ लॅटिन ‘फोकुस’, म्हणजे घरांतील चूल. आज ती चूल कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. शब्द मात्र टिकून आहे.

तुर्कस्तानांत निराळें घडलें. तेथें अरबी मूळाचा ‘महरूकात’ रूढ होता. १९२८ सालीं लिपि पालटली, १९३२ सालीं भाषामंडळ स्थापन झालें. आणि या भाषाशुद्धीच्या ओघांत ‘याकमाक’, म्हणजे जाळणें, या स्वकीय धातूपासून ‘याकित’ शब्द घडला. पेट्रोलादि द्रव इंधनांस तेथें ‘वाहतें याकित’ अशा अर्थाचा जोडशब्द आहे. अर्थ मुलांसही उमगतो; परंतु आजोबांचे ग्रंथ नातवांस वाचतां येईनात!

आपलें ‘इंधन’ही ‘इन्ध्’, म्हणजे पेटविणें, या धातूचेंच. स्वकीय शब्द अवश्य घडवावे. मात्र जुनी ठेव त्यांच्या सरपणांत जाऊं नये.