मध्यवस्तीतील स्वस्त मुक्काम : खोलीआधी जिना पाहावा

वर्तकनगर, प्रतिनिधी :

ठाणेकरांचे पुण्याकडे काही ना काही काम निघतेच. कुणाला विद्यापीठातून कागदपत्रे आणायची असतात, कुणाला लक्ष्मी रस्त्यावर लग्नाचा बस्ता बांधायचा असतो, तर कुणाला गणेशोत्सवातील देखावे मुलांना दाखवायचे असतात. पूर्वी अशा वेळी पुण्यात एखादी मावशी किंवा चुलतभाऊ हमखास असे आणि मुक्कामाचा प्रश्न पिशवी उचलण्याआधीच सुटलेला असे. आता यजमानाचे घरही दोन खोल्यांचे आणि त्याची धावपळही आपल्यासारखीच. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत ज्यांनी लहानशा घरात चार-चार पाहुण्यांच्या गाद्या घातल्या आहेत, त्यांना हा संकोच वेगळा समजावून सांगायला नको. साहजिकच पावले लॉजकडे वळतात. खिशाला परवडणारी आणि जुन्या शहराच्या मध्यभागी असलेली खोली कशी निवडावी, तिथे आपले हक्क कोणते आणि धोके कोणते, याचा हा आढावा.

मुक्कामाची जुनी परंपरा

पुण्याला परगावच्या माणसांची सवय नवी नाही. पेशवाईत श्रावणमासातील दक्षिणेसाठी दूरदूरच्या प्रांतांतून विद्वान ब्राह्मण पुण्यात येत. पुढे शिक्षण, छापखाने आणि न्यायालये यांमुळे येणाऱ्यांची वर्दळ वाढली. धर्मशाळांच्या जोडीला खाणावळी आल्या आणि 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशा पाट्या झळकू लागल्या. लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊस १९३५ साली सुरू केले ते नानासाहेब सरपोतदार यांनी. मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मराठी माणसाच्या बोलण्यात 'हॉटेल' म्हणजे आजही चहा-मिसळीचे ठिकाण. राहायचे ते 'लॉज'. हा भेद ध्यानात ठेवून पत्ता विचारला, तर फेरा वाचतो.

मध्यवस्तीचा खरा फायदा

स्टेशनजवळची खोली गाडी पकडायला सोयीची, हे खरे. मात्र शहर पाहायचे असेल, तर पेठांमधील मुक्कामाला तोड नाही. कसबा ही पुण्याची जुनी वस्ती. तिच्याभोवती वारांची नावे धारण केलेल्या पेठा आणि पलीकडे सदाशिव, नारायण या पेठा वसल्या. येथून बहुतेक ठिकाणे पायी गाठता येतात. पहिल्या बाजीरावांनी बांधलेला शनिवारवाडा (वास्तुशांत १७३२, आगीत भस्मसात १८२८), लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ हलवाई गणपती, तुळशीबाग, १८८६ साली खुली झालेली मंडई, विश्रामबागवाडा आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय ही सारी स्थळे एका दिवसाच्या पायपिटीत बसतात. बुधवार पेठेतील ज्या भिडेवाड्यात १८४८ साली फुले दांपत्याची मुलींची शाळा भरली, ती मोडकळीस आलेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. जुना वाडा पाहायला मिळेल या अपेक्षेने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पोहोचणेही आता सोपे झाले आहे. ठाण्यात थांबणाऱ्या डेक्कन एक्स्प्रेसने दुपारपूर्वी पुण्यात उतरता येते. स्वारगेटला जाणाऱ्या एसटीच्या गाड्यांचा पर्याय आहेच. पुणे रेल्वे स्थानकापासून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर यावे आणि तेथे मार्गिका बदलावी. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला असून कसबा पेठ आणि मंडई ही त्यावरील स्थानके थेट जुन्या गावात नेऊन सोडतात. सामान घेऊन रिक्षाशी घासाघीस करण्याचे काम त्यामुळे उरलेले नाही.

खोली ठरवताना

भाडे विचारण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. पहिली, खोली सोडण्याची वेळ. काही जुन्या लॉजमध्ये आल्यापासून चोवीस तास धरतात, तर काही ठिकाणी दुपारी बारा किंवा त्याआधीची वेळ ठरलेली असते. रात्री दहाला पोहोचणाऱ्याला या फरकाने अर्ध्या दिवसाचे भाडे वाया जाते. दुसरी, गरम पाणी. गिझर खोलीत आहे की सकाळी ठरावीक वेळेत बादलीने पाणी मिळते, हे विचारावे. तिसरी, संडास-बाथरूम स्वतंत्र की सामाईक. चौथी, जादा गादीचे पैसे. चौघांच्या कुटुंबाला दोन खोल्यांपेक्षा एक खोली आणि दोन गाद्या स्वस्त पडतात, मात्र ते आधी ठरलेले असावे.

रस्त्याकडेची खोली हवेशीर खरी, पण पेठेतील रस्ता रात्री उशिरापर्यंत जागा असतो आणि पहाटे टेम्पोंच्या आवाजाने पुन्हा उठतो. लहान मूल किंवा वृद्ध सोबत असल्यास मागच्या बाजूची खोली मागावी. मागच्या खोलीला खिडकी आहे आणि ती उघडते, हे मात्र स्वतः पाहावे. अनेक ठिकाणी जुन्या मोठ्या खोलीत लाकडी पार्टिशन घालून दोन खोल्या केलेल्या असतात. त्यांतील एकीला खिडकीच उरलेली नसते.

गणेशोत्सवाच्या दिवसांत भाडी वाढतात, अनेक रस्ते वाहनांना बंद होतात आणि लक्ष्मी रस्त्यावरून जाणारी विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहूनही अधिक चालते. मानाचे पाच गणपती गॅलरीतून पाहण्याचे सुख हवे असेल, तर खोली बरीच आधी ठरवावी लागते आणि त्या रात्री झोपेची अपेक्षा सोडावी लागते.

ऑनलाइन आरक्षण केले असले, तरी आदल्या दिवशी लॉजवर दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. क्रमांक मात्र नीट पडताळावा. लॉजच्या नावाने खोटे क्रमांक टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

नोंदवही, ओळखपत्र आणि बिल

काउंटरवरची जाडजूड नोंदवही पाहून संकोचण्याचे कारण नाही. पाहुण्यांची नोंद ठेवणे लॉजचालकावर बंधनकारक असते. प्रत्येक प्रौढ व्यक्तीने ओळखपत्र जवळ ठेवावे. आधारची प्रत द्यायची असल्यास पहिले आठ अंक झाकलेले 'मास्क्ड आधार' प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेले आप्त सोबत असतील, तर त्यांची माहिती लॉजचालकाला चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते. ही व्यवस्था प्रत्येक छोट्या लॉजकडे नसते. त्यामुळे दारात जाऊन परत फिरण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

अविवाहित प्रौढ स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. तरीही अनेक लॉजचालक स्वतःचे नियम लावतात, स्थानिक पत्त्याचे ओळखपत्र चालत नाही असेही सांगतात. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी तर रात्री काउंटरवर वाद घालण्याची वेळ येऊ नये म्हणून दूरध्वनीवरच होकार घ्यावा आणि शक्यतो उजेडी पोहोचावे.

दरफलक ही पाहुण्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. मुक्कामाच्या जागेचे दर फलकावर लावावेत, ही तरतूद १८६७ च्या सराय कायद्यातही होती. ठरलेला दर आणि बिलातील दर जुळतो का, हे पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे नऊशे रुपयांच्या खोलीवर ४५ रुपये. नोंदणी क्रमांक नसलेल्या लॉजला हा कर आकारता येत नाही. म्हणून कर लावला असेल, तर बिलावर क्रमांक छापलेला असला पाहिजे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे, पण हातात पक्के बिल नसेल, तर तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.

सर्वांत महत्त्वाचे : जिना

आतापर्यंतच्या बाबतीत चूक झाली, तर पैसे जातील किंवा झोप जाईल. एक बाब मात्र जिवाशी खेळणारी आहे. २९ एप्रिल २०२५ च्या रात्री कोलकात्याच्या बडाबाजार या जुन्या व्यापारी भागातील एका हॉटेलात आग लागली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक जण धुराने गुदमरून गेले. दिल्लीच्या करोलबाग भागात १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे अशाच आगीत १७ जण दगावले. ही हॉटेले दाट बाजारपेठांत होती आणि मुक्कामाला आलेली माणसे कामानिमित्त, खरेदीसाठी किंवा समारंभासाठी आलेली होती. आपल्यासारखीच.

पुण्याच्या पेठांतील, मुंबईच्या भुलेश्वर-काळबादेवीतील किंवा आपल्या ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या परिसरातील जुन्या इमारतींची रचनाही याच जातीची आहे. गल्ली अरुंद, खाली दुकाने आणि वर जायला एकच जिना. विजेचे मीटर बहुधा त्या जिन्याखाली, दुचाक्याही तिथेच आणि अलीकडे तर विजेवरच्या दुचाकीचे चार्जिंगही तिथेच. आग खाली लागली की जिना धुराड्यासारखे काम करतो. धूर वर चढतो आणि बाहेर पडण्याची एकमेव वाट सर्वांत आधी बंद होते. झोपलेल्या माणसाला ज्वाळा दिसण्यापूर्वीच धूर गाठतो.

प्रस्तुत प्रतिनिधीने गेल्या काही वर्षांत कामानिमित्त अशा अनेक लॉजमध्ये रात्री काढल्या आहेत. एका जुन्या लॉजमध्ये गच्चीच्या दाराला कुलूप दिसले. चावी कुठे आहे, असे विचारले असता, 'शेटजींकडे, ते सकाळी दहाला येतात,' असे उत्तर मिळाले. खोली स्वच्छ होती, चादर शुभ्र होती, भाडेही वाजवी होते. तरीही पिशवी उचलून शेजारच्या लॉजमध्ये जाणे भाग पडले.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशा इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करायचे असते. हे प्रमाणपत्र 'नमुना ब' या नावाने ओळखले जाते. ते आहे का, असे विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर मिळते की नुसता चेहरा उतरतो, यावरूनही बरेच कळते.

पाच मिनिटांची पाहणी

पैसे भरण्यापूर्वी एवढे करावे. जिन्याच्या तोंडाशी मीटर, गॅसचे सिलिंडर, खोकी वा वाहने अडगळीसारखी आहेत का, ते पाहावे. दुसरा जिना किंवा गच्चीचा मार्ग विचारावा आणि त्याचे दार उघडून पाहावे. खिडकीची लोखंडी जाळी आतून उघडते का, ते तपासावे. आग विझवण्याच्या लाल नळकांड्यावर पुनर्भरणाची तारीख लिहिलेली असते, ती वाचावी. शक्यतो पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याची खोली मागावी. वरची खोली शंभर रुपयांनी स्वस्त असली, तरी उतरण्याचे अंतर तेवढे वाढते.

खोलीत शिरल्यावर आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात, ती मोजावीत. धुरात डोळ्यांपेक्षा हात उपयोगी पडतो. रात्री किल्ली, मोबाईल आणि चष्मा एकाच जागी उशाशी ठेवावा. धूर जाणवल्यास दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने ते तापले आहे का, ते पाहावे. वाट मोकळी असेल, तर नाकावर ओले फडके धरून, वाकून, जमिनीलगत बाहेर पडावे. लिफ्ट वापरू नये. वाट बंद असेल, तर दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून खिडकीशी यावे, लक्ष वेधून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर इमारतीचे नाव, मजला आणि जवळची खूण सांगावी. पेठेतील पत्ता बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. म्हणून लॉजचे छापील कार्ड पहिल्याच दिवशी खिशात घालावे.

स्वस्त मुक्कामात वाईट काहीच नाही. पितळी तांब्यातले पाणी, खाली उतरताच मिळणारा वाफाळता चहा आणि पहाटे देवळातून ऐकू येणारी काकडआरती हे सुख तारांकित हॉटेलात पैसे मोजूनही मिळत नाही. लहान लॉज नेकीने चालवणारी माणसेही पेठापेठांत आहेत. पाहुण्यांनी विचारणा सुरू केली, तर त्यांचेच मोल वाढेल आणि गच्चीला कुलूप लावून बसणाऱ्यांना ते काढावे लागेल. पुढच्या खेपेला पुण्यात उतराल, तेव्हा मॅनेजर किल्ली घेऊन 'चला, खोली दाखवतो' म्हणेल. त्याला सांगावे, 'दाखवा, पण आधी दुसरा जिना कुठे आहे तो दाखवा.'