कारखाना, तालीम आणि रणांगण : ब्रिटनच्या युद्धतयारीचा कालहिशेब (1914-1917)

मोठ्या युद्धाचा इतिहास आपण सेनापती आणि लढाया यांच्या क्रमाने शिकवतो. विद्यार्थ्यांच्या तारखा पाठ होतात. पण दोन तारखांमधला काळ कशात गेला, हा प्रश्न मागे राहतो. औद्योगिक युगात शांततेच्या काळात साठवलेला दारूगोळा आणि तयार सैनिक काही महिन्यांत खर्ची पडतात; त्यांची जागा भरायला मात्र दीड-दोन वर्षे लागतात. पहिल्या महायुद्धातील ब्रिटनच्या अनुभवावरून हा हिशेब येथे मांडला आहे.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध नाताळपर्यंत संपेल, असा अनेकांचा समज होता. युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी मात्र ते निदान तीन वर्षे चालेल, असे धरून स्वयंसेवकांना हाक दिली. सप्टेंबरअखेर साडेसात लाखांवर तरुण भरती झाले. परंतु त्यांना द्यायला रायफली नव्हत्या, खाकी कापडही पुरेसे नव्हते. अनेकांची कवायत लाकडी बंदुकांवर आणि निळ्या गणवेशात सुरू झाली. शिकवायला निवृत्त अधिकारी परत बोलावले गेले. रजेवर आलेले हिंदी लष्कराचे सुमारे 500 अधिकारीही तिकडेच ठेवून घेण्यात आले.

नवी फौज तयार होईपर्यंत जुन्या फौजेने टिकाव धरायचा होता. वर्षअखेरीस तिची सुमारे 90 हजार माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली होती. ही पोकळी भरण्यासाठी लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्सला आणल्या गेल्या. 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यव्ह शापेल येथे खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 व 21 क्रमांकाच्या कंपन्या थेट हल्ल्यात उतरवल्या गेल्या. पूल आणि खंदक बांधण्यात तरबेज असलेली ही माणसे पायदळ म्हणून लढली. त्यांचे सर्व ब्रिटिश अधिकारी ठार वा जखमी झाले.

असा अधिकारी लवकर मिळत नसे. नवा माणूस शूर असला, सुशिक्षित असला, तरी त्याला शिपायाची हिंदुस्थानी जबान येत नसे. भाषा आणि तिच्यातून जमणारा विश्वास काही आठवड्यांत तयार होत नाही. 1915 अखेर हे हिंदी पायदळ मेसोपोटेमियाकडे हलवले गेले. त्यामागे इतर कारणेही होती, पण अधिकाऱ्यांची ही उणीव त्यांतले एक मोठे कारण होते.

तोफगोळ्यांची कथा याहून वेगळी नाही. मे 1915 मध्ये ओबेर येथील हल्ला फसला. गोळ्यांच्या टंचाईची बातमी 'टाइम्स'मध्ये आली आणि जूनमध्ये लॉइड जॉर्ज यांच्याकडे नवे युद्धसामग्री खाते सोपवले गेले. परंतु जूनमध्ये खाते निघाले म्हणून जुलैत गोळे मिळत नाहीत. यंत्रे, मापे आणि कसबी कामगार या तिन्हींचा तुटवडा होता. कित्येक कसबी कामगार तर स्वतःच सैन्यात गेले होते. स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना येथील कॉर्डाइटचा प्रचंड कारखाना 1915 मध्ये बांधायला घेतला, त्याचे उत्पादन 1916 मध्ये सुरू झाले. तेथे हजारो स्त्रियांना काम शिकवावे लागले.

1 जुलै 1916 रोजी सोम येथे नवी फौज आणि नवे गोळे एकत्र आले. आधीच्या आठवड्यात सुमारे 15 लाख गोळे डागले गेले. त्यांतले बरेच फुटलेच नाहीत आणि जड तोफाही कमी पडल्या. त्या एका दिवशी 57,470 ब्रिटिश सैनिक कामी आले किंवा जायबंदी झाले. त्यांपैकी 19,240 मृत. संख्या वाढली होती, गुणवत्ता अजून यायची होती. काटेरी तारेला लागताच फुटणारा 106 क्रमांकाचा फ्यूज 1917 मध्येच पुरेसा मिळू लागला.

हा प्रश्न जुना झालेला नाही. मार्च 2023 मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. निर्णय आणि पुरवठा यांतले अंतर 1915 प्रमाणेच याही वेळी दिसले.

म्हणून वर्गात लढाईची तारीख सांगताना शेजारी आणखी दोन तारखा लिहाव्यात : कारखान्याचा पाया कधी घातला आणि शिपायाची भरती कधी झाली. या तारखांमधील अंतरात कोणाला पुढे केले गेले, हे विद्यार्थ्यांना विचारावे. खडकीच्या त्या दोन कंपन्यांचा इतिहास त्याशिवाय समजणार नाही.