मेहरबान साहेबांचे सेवेशी

उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या गळ्यात एक काम आपोआप पडते. ते म्हणजे पालकांचे अर्ज लिहून देण्याचे. रेशनकार्डातले नाव, जन्मदाखल्यातली चूक, शिष्यवृत्तीचे खाते. आमच्या मुलांचे आईबाप दखनी बोलतात, मुले उर्दू वाचतात आणि कचेरी मराठीत चालते. त्यामुळे मधल्या सुट्टीत आमच्या दाराशी कोणीतरी कोरा कागद घेऊन उभे असते. बी.एड्.ला हा विषय शिकवत नाहीत, पण नोकरीत रोज लागतो.

दोन वर्षांमागे तिसरीतल्या एका मुलीचे वडील असेच आले. हमाली करणारा माणूस. बायकोचे बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाले होते. तिथे औषधे बाहेरून आणायची चिठ्ठी हातात दिली गेली आणि त्यात अकराशे चाळीस रुपये गेले. वास्तविक १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत उपचार मोफत केल्याची शासनाची घोषणा होती. आम्ही ते सांगितले, तर तो घाबरला. म्हणाला, "सर, शिकायत नक्को लिखो. मेहरबानी का लिखो. कल फिर वहींच जाना पडता."

आम्हीही सवयीने 'मे. साहेबांचे सेवेशी' लिहून मोकळे झालो होतो. मग लेखणी थांबली. हा 'मे.' म्हणजे 'मेहरबान'. कोर्टातही अजून 'मे. कोर्ट' असेच लिहितात. अर्ज, फिर्याद, दाद, तक्रार, जबाब, हक्क, हुकूम, मुदत हे मराठी कचेरीचे शब्द आमच्याच अरबी-फारसीतून आलेले. त्यातल्या मेहरबानीशी आमची घसट इतकी जुनी की हक्क हा शब्दही आपलाच आहे, हे आम्ही विसरून गेलो. आमच्या जिल्ह्यात दवाखान्याचा इतिहास म्हणजे या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास आहे, असे आम्हाला त्या दिवशी वाटले. म्हणून हे लिहायला घेतले.

मेहरबानीचा काळ आधी. हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा भाग इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये परत हैदराबादला मिळाला. पुढे सातव्या निजामाच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. २०२३ मध्ये ते सरकारी कागदांवर पुन्हा धाराशिव झाले आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. नावावरून आमच्याकडे जेवढे बोलले गेले, त्याच्या दहाव्या हिश्श्याने दवाखान्यावर बोलले गेले असते तर बरे झाले असते. असो.

हैदराबादचा अभिमान आमच्या वडीलधाऱ्यांना आजही आहे आणि तो पोकळ नाही. १८४६ मध्ये तिथे वैद्यकशाळा निघाली ती उर्दूतून शिकवणारी. पुढे उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरीचे शिक्षणही उर्दूतून मिळे. शरीराच्या हाडांची नावे आमच्या भाषेत पाठ करून माणसे सर्जन होत होती, हे आजच्या आमच्या मुलांना खरे वाटत नाही. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात अफजलगंजचा जुना दवाखाना गेला, तर त्या जागी उस्मानिया रुग्णालयाची ती देखणी इमारत उभी राहिली.

पण ही सगळी इनायत होती. दवाखाना सरकारांनी रयतेला बख्शलेला. तो हैदराबाद शहरात होता आणि परंड्याच्या किंवा कळंबच्या बाळंतिणीपासून तितकाच दूर होता जितका चंद्र. आणि तो का नाही, असे विचारण्याची सोयच नव्हती. बख्शिशीचा हिशेब कोण मागतो? हे आमच्या काही वाचकांना बोचेल. पण रियासतीच्या इमारती मोजताना रयतेचे प्रश्न मोजायचे नाहीत, हा आमचा इतिहास लिहिण्याचा जुना दोष आहे.

१९४८ मध्ये रियासत गेली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. तीस हजार लोकसंख्येला एक केंद्र, पाच हजारांना एक उपकेंद्र, असा ठराव. राजा गेला, मतदार आला. अर्जाच्या डोक्यावरचा 'मे.' मात्र जागच्या जागी राहिला. आता तो तलाठ्याला, कंपाउंडरला आणि सभापतीच्या भाच्यालाही लागू झाला एवढेच.

दरम्यान शेजारी काही वेगळे घडत होते. भूम तालुक्याच्या हद्दीला लागून जामखेड. तिथे १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन गावात उभे केले. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'ने 'भारतवैद्य' म्हणून गावच्या बायकाच तयार केल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, लातूर आणि आमच्या जिल्ह्यातली गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा सगळे जग मदतीला धावून आले. या सगळ्यातून लोकांना एक गोष्ट कळली की डॉक्टर हा आकाशातून पडत नाही. पण सेवा देणे वेगळे आणि सरकारला जाब विचारणे वेगळे.

जाब विचारण्याला कायद्याचा आधार मिळाला तो बंगालातून. जुलै १९९२ मध्ये तिथला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागला होता. कलकत्त्याच्या एकामागून एका सरकारी रुग्णालयाने त्याला जागा नाही म्हणून परत पाठवले आणि शेवटी खासगीत सतरा हजार रुपये खर्चून तो वाचला. त्याच्या शेतमजूर समितीने दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे १९९६ रोजी निकाल दिला. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. त्या मजुराचे नाव निकालपत्रात आहे. आमच्याच गल्लीतले वाटावे असे नाव. आमच्या किती तकरीरींत, किती जलशांत ते ऐकू आले? आम्ही तरी एकदाही ऐकले नाही.

पुढे २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जनस्वास्थ्य अभियान यांनी देशभर आरोग्यहक्कावर जनसुनवाया घेतल्या. पश्चिम विभागाची जुलैत भोपाळला झाली आणि डिसेंबरात दिल्लीला राष्ट्रीय सुनावणी. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. आशा कार्यकर्ती आली, गावाच्या आरोग्य समितीला दरसाल दहा हजारांचा बंधमुक्त निधी आला. आणि आराखड्यात एक वेगळेच कलम होते, की या सेवांवर लोकांनी स्वतः देखरेख करावी.

त्या देखरेखीसाठी नऊ राज्ये निवडली गेली. महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्हे घेतले : अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि आमचे उस्मानाबाद. राज्याच्या समन्वयाचे काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होते. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन आरोग्य केंद्रे, केंद्रामागे पाच गावे. अशी राज्यात सव्वादोनशे गावे.

काम कसे चाले, हे नीट सांगायला हवे, कारण सारी गंमत तिथे आहे. गावाच्या समितीत पंच, आशा, बचतगटाच्या बायका, दलित वस्तीतली माणसे बसत. ते घरोघर विचारत. नर्सबाई गावात येतात का, लसी वेळेवर मिळतात का, सुईला पैसे घेतले का, बाहेरची चिठ्ठी दिली का, जननी सुरक्षा योजनेचे पैसे बाळंतिणीच्या हातात पडले का. मग प्रत्येक सेवेला शेरा द्यायचा : चांगली, बरी किंवा वाईट. गावाच्या प्रगतिपत्रकात त्याचे हिरवे, पिवळे, लाल रंग भरायचे. शिक्षक म्हणून आम्हाला यात फार मजा वाटते. आजवर सरकार आमची परीक्षा घेत आले, इथे गावाने सरकारची घेतली. (आणि हिरव्या रंगावरून कुठे वाद झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

यानंतर जनसुनवाई. मंडपात एका बाजूला वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, समोर गावकरी. प्रगतिपत्रक वाचायचे, ज्याच्यावर बेतले त्याने उभे राहून सांगायचे, अधिकाऱ्याने सगळ्यांदेखत उत्तर द्यायचे. उर्दूत 'जिम्मेदारी' आणि 'जवाबदेही' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात ओझे उचलणे आहे, दुसऱ्यात उत्तर देणे. मराठीत आपण दोन्हींना 'जबाबदारी' म्हणतो. त्या मंडपात दुसरा अर्थ वापरात आला.

परिणाम झाला का? झाला. पाच जिल्ह्यांचे मिळून २००८ च्या मध्यावर ४८ टक्के शेरे 'चांगली' असे होते. २००९ च्या अखेरीस ते ६६ टक्क्यांवर गेले. पैसे घेणे, बाहेरच्या चिठ्ठ्या, मुक्कामी न राहणे, उद्धट बोलणे यांना चाप बसला. जिथे चाप बसला नाही तेही सांगितले पाहिजे. रिकाम्या जागा भरणे, औषधांचा साठा वेळेवर येणे हे तालुक्याच्या हातात नव्हतेच. तिथला अधिकारी वर बोट दाखवी आणि वरचा मंत्रालयाकडे. प्रश्न मंडपातून निघून मुंबईच्या वाटेला लागे आणि वाटेतच कुठेतरी मुक्काम करी. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात अठ्ठेचाळीस तासांत एकतीस मृत्यू झाले, त्यात सोळा बालके होती. तेव्हा उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन हेच विचारावे लागले : डॉक्टर किती, औषधे कुठे, निधी किती खर्च झाला?

आता आमच्या दुखण्यावर येतो. या सगळ्या देखरेखीत आम्ही कुठे होतो? फारसे नव्हतो. आमच्या भित्रेपणाला त्याचा दोष देणे सोपे आहे, आणि थोडा द्यायलाही हवा. पण एक कारण योजनेच्या नावातच होते. ते अभियान ग्रामीण, समित्या ग्रामपंचायतीच्या, आणि मराठवाड्यातला मुसलमान मोठ्या संख्येने शहरात आणि कसब्यात. नळदुर्ग, परंडा इथल्या मोहल्ल्यांना ना ग्रामसभा, ना गावसमिती. शहरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये आले तेही पन्नास हजारांवरच्या शहरांना आणि जिल्ह्याच्या ठिकाणांना. कसबा मधल्या मध्ये राहिला. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा आम्ही नोकऱ्या, शाळा, बँका यांवर रान उठवले. मुस्लिम वस्तीच्या गावांतल्या दवाखान्यांबद्दलही त्यात लिहिले होते. ती पाने आमच्याकडून उलटली गेली.

२०१८ मध्ये आमचा जिल्हा देशातल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत धरला गेला. मागास म्हणण्याची ही नवी अदब. २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली. म्हणजे इमारती येतील. इमारतींच्या बाबतीत आमची निराशा निजामानेही केली नव्हती.

तर तो अर्ज. आम्ही 'मे.' खोडला आणि नुसते 'प्रति' लिहिले. विनंतीच्या जागी मोफत उपचारांच्या घोषणेचा उल्लेख केला, मेडिकलची पावती जोडली, आणि शेवटी एक ओळ टाकली : ही औषधे त्या दिवशी साठ्यात होती की नव्हती, हे लेखी कळवावे. वडिलांनी वाचून घेतले. दोनदा विचारले, "मेहरबान नहीं लिखे तो गुस्सा नहीं ना होते?" आम्ही सांगितले की दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून घ्या आणि तो मिळेपर्यंत हलू नका.

शिक्का मिळाला. पुढे तीनेक आठवड्यांनी दोन ओळींचे पत्रही आले. साठा उपलब्ध नव्हता, असे त्यात होते. पैशांचा उल्लेख नव्हता. ते पत्र त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्हाला दाखवायला आणले. बरोबर गल्लीतल्या दोन बायका होत्या. त्यांच्याजवळही मेडिकलच्या पावत्या होत्या आणि एक कोरा कागद.