मिशन शाळेत नाव घालताना : १८३९ आणि १८४३चे दोन खटले

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. नातीचं नाव ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत घालायचं घरात चाललंय. "तू जुन्या शाळांवर पीएचडी करतोयस ना? मग सांग, घालावं का?" मी हो-नाही काहीच म्हटलं नाही, तिला दोन जुने खटले सांगितले. तेच इथे मांडतोय, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनाही त्यातून घेण्यासारखं आहे.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा काढली. आजचं विल्सन कॉलेज तिच्यातूनच वाढलं. तिथे बायबल शिकवलं जाई आणि ते कुणी लपवत नव्हतं. तरी पारशी आणि हिंदू घरांतली मुलं येत. पालकांना इंग्रजी हवं होतं, मिशनला धर्मप्रसार.

१८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला. हेबियस कॉर्पसचा अर्ज मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला. कुठे राहायचं हे कोर्टाने धनजीभाईलाच ठरवू दिलं. तो विल्सन यांच्याकडे गेला. पालकांनी शाळेतून मुलं भराभर काढून घेतली.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्याच्या घरी राहत होता. वडील कोर्टात गेले. मुलगा अजाण वयाचा, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण गोष्ट इथे संपली नाही. मिशनऱ्याकडे जेवलेल्या-राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं का? प्रायश्चित्त देऊन घ्यावं, या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. म्हणजे पोराला कोर्टाने घरी पाठवलं, तरी घराचं दार उघडायला वेगळं भांडण करावं लागलं.

मी मूळचा एमएस्सीवाला. शहर तेच, मिशन तेच, कोर्ट तेच, निकाल उलटे. लगेच वाटतं, फरक वयाचा! वय महत्त्वाचं होतंच, पण दोन नमुन्यांवरून नियम काढायचा नसतो. शिवाय साधनं बघा. मिशनच्या अहवालात बाप्तिस्मा हे यश असतं, समाजाच्या अर्जात तीच फूस. धनजीभाईंचं आत्मचरित्र आहे, पण ते पाद्री म्हणून आयुष्य घालवल्यावर लिहिलेलं. कागद कुणी, केव्हा आणि कुणासाठी लिहिला, हे आधी विचारा.

पुढे नियम बदलत गेले. १८५४च्या वूड यांच्या खलित्याने सरकारी अनुदान लौकिक शिक्षणाशी जोडलं. मिशन शाळाही त्याला पात्र होत्या. स्वतंत्र भारताच्या घटनेतलं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवायचा हक्क देतं. कलम २८(३) सांगतं की राज्याची मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना सक्तीची करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते.

१८४३ मध्ये जे कोर्टात ठरलं, ते आज प्रवेशाच्या वेळीच विचारता येतं. म्हणून मावशीला एवढंच म्हटलं : शाळेला मान्यता कुणाची? रोजची प्रार्थना कोणती? बायबलचा तास आहे का, आणि तो सर्वांना की फक्त ख्रिस्ती मुलांना? नको असेल तर त्या वेळात मूल कुठे बसतं? आणि फॉर्मवर सही करण्याआधी त्यात संमतीचं कलम आहे का, ते वाच.

"एवढं विचारलं तर राग येईल का गं त्यांना?" असं ती बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, विचारत होती. मला वाटतं, चांगल्या शाळेला येणार नाही. विल्सन यांनी तरी आपला हेतू उघड ठेवला होता. प्रश्न विचारायचं काम पालकांचं होतं, आजही आहे.