पीठ पेटतं तेव्हा: धुळीच्या झोनची गोष्ट

आजचा एपिसोड धुळीबद्दल आहे. पिठाची, साखरेची, लाकडाच्या भुशाची धूळ. स्फोट म्हटलं की आपल्याला गॅस सिलेंडर आठवतो, पिठाचा डबा नाही. या इतिहासातले बरेच जीव याच समजुतीपायी गेले.

१४ डिसेंबर १७८५. इटलीतलं तुरिन शहर. एका बेकरीच्या कोठारात एक मुलगा दिव्याच्या उजेडात पीठ ओढत होता. वरचं पीठ एकदम खाली कोसळलं, ढग उठला आणि दिव्यावर पेटला. काउंट मोरोझ्झो यांनी या घटनेचा अहवाल लिहिला. पीठ नेहमीपेक्षा कोरडं होतं, हेही त्यांनी नोंदवलं.

आता यामागचं शास्त्र बघू. पिठाच्या ढिगाला काडी लावली तर तो फार तर धुमसतो, कारण हवा फक्त वरच्या थराला मिळते. तेच पीठ हवेत उडालं की प्रत्येक कणाभोवती ऑक्सिजन असतो. इंधन, ऑक्सिजन, ठिणगी, ढग आणि बंदिस्त जागा, या पाच गोष्टी जुळल्या की स्फोट ठरलेला.

२ मे १८७८ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात हेच घडलं. वॉशबर्न ए मिल ही अवाढव्य पिठाची गिरणी उडाली, शेजारच्या गिरण्याही गेल्या आणि १८ माणसं मेली. मिनेसोटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी प्रयोग करून दाखवलं, की गुन्हेगार पिठाची धूळच आहे. नवी गिरणी बांधताना धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवली गेली.

पुढे कारखान्यांत वीज आली, म्हणजे ठिणगीच्या जागा वाढल्या. मग प्रश्न आला, कुठली मोटर, कुठला स्विच कुठे चालेल? त्यातून जागांचं वर्गीकरण आलं. आंतरराष्ट्रीय मानकात धुळीसाठी तीन झोन आहेत. धुळीचा ढग सतत किंवा वारंवार असतो तो झोन २०, उदाहरणार्थ सायलोच्या आत. नेहमीच्या कामात अधूनमधून ढग होऊ शकतो तो झोन २१. एरवी होत नाही, झालाच तर थोडा वेळ, तो झोन २२. गॅससाठी हेच आकडे ०, १, २ असे आहेत.

मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, सोपं आहे, खोली द्या, झोन घ्या, लुकअप टेबल! पण गॅस आणि धूळ यांत एक मोठा फरक आहे. गळती थांबली आणि वारा खेळता असला की गॅस निघून जातो. धूळ जात नाही. ती तुळयांवर, पाइपांवर, छताच्या पत्र्यांवर बसून राहते. म्हणून तिथे किती नीट झाडलोट होते, हेही झोन ठरवताना बघावं लागतं. झाडू थांबला की नकाशा खोटा पडतो.

हे किती महागात पडतं, ते ७ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, पोर्ट वेंटवर्थ इथे इम्पीरियल शुगरचा कारखाना होता. सायलोखालच्या बोगद्यात साखर वाहणारा पट्टा होता. साखरेत घाण पडू नये म्हणून २००७ मध्ये तो पोलादी पत्र्यांनी झाकला. हेतू चांगला होता, पण आतली धूळ ओढून घ्यायची सोय केली नाही. उघड्यावर विरळ राहणारी धूळ आत दाटत गेली. सरकारी तपासानुसार, बहुधा तापलेल्या बेअरिंगमुळे ती पेटली.

पहिल्या धक्क्यानं पॅकिंगच्या इमारतीत साचलेली साखरेची धूळ झडून हवेत आली आणि तीही पेटत गेली. १४ कामगार मेले, ३६ जखमी झाले. तपास अहवाल सांगतो, की साखर उद्योगाला हा धोका १९२५ पासून ठाऊक होता!

म्हणजे माहिती होती, नियमही होते. पण पट्ट्याला झाकण बसवलं तेव्हा त्या जागेचा धोकाच बदलला होता, आणि त्याचा हिशेब नव्यानं मांडायला हवा होता.

आपल्या महाराष्ट्रात साखर कारखाने भरपूर आहेत. तुमच्यापैकी कोणी तिथे, नाहीतर मोठ्या पीठगिरणीत असेल, तर उद्या डोक्यावरच्या तुळईकडे बघा. अमेरिकेतल्या जुन्या मार्गदर्शक नियमात धोक्याची खूण ०.८ मिलीमीटर थर अशी दिली होती. म्हणजे साधारण पेपरक्लिपच्या तारेएवढा. थर तेवढा दिसला, तर सुपरवायझरला नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडला!